डहाणू ते तलासरी: वाऱ्याच्या उलट्या वाटा

तापलेली हवा वर जाते, असे शाळेत शिकवतात. विधान खोटे नाही, पण अर्धे आहे. हवेला वजन असते: समुद्रसपाटीला एक घनमीटर हवा २० अंश सेल्सिअसला सुमारे १.२० किलो भरते, ३५ अंशांना १.१५. एवढ्याशा फरकाने भोवतालची जड हवा हलक्या हवेच्या खाली शिरते आणि तिला वर उचलते. प्रवाही पदार्थ स्वतःच्या जागेतून जितक्या वजनाने हटतो, तितक्याच जोराने आत आलेल्याला वर ढकलतो. हे प्लावक बल. एक हवा चढते, दुसरी तिच्या जागी उतरते, आणि अभिसरणाचा फेरा सुरू होतो. उष्णता फक्त वजनात फरक पाडते. ओढण्याचे काम गुरुत्वाकर्षणाचे.

एप्रिलमध्ये डहाणूच्या किनाऱ्यावरून तलासरीकडे निघालो, तेव्हा दुपार कलत होती आणि समुद्राकडून वारा सुटला होता. ऊन वाळूवर आणि पाण्यावर सारखेच पडते. पण पाण्याची विशिष्ट उष्णता कोरड्या वाळूच्या जवळजवळ पाचपट, शिवाय लाटा ती उष्णता खोलवर पसरवतात. म्हणून वाळू अनवाणी चालवत नाही इतकी तापते, तेव्हा समुद्राचे तापमान जेमतेम हललेले असते. जमिनीवरची हवा हलकी होते आणि समुद्रावरची जड हवा तिच्याखाली घुसते. हे खारे वारे. काही शेकडो मीटर उंचीवर हवा उलट दिशेने समुद्राकडे परतते. किनाऱ्यावरच्या माणसाला फेऱ्याचा फक्त खालचा अर्धा भाग जाणवतो. रात्री जमीन लवकर निवते, फेरा उलटतो आणि मतलई वारे वाहू लागतात. शिडाच्या होड्यांचे वेळापत्रक या दोन वाऱ्यांवर बसवलेले असे.

डहाणूच्या औष्णिक वीजकेंद्राची चिमणी सुमारे २७५ मीटर उंच आहे. तिच्या तोंडातून निघालेला गरम वायू तेथे थांबत नाही. बाहेरची हवा मिसळून तापमान सारखे होईपर्यंत तो चढत राहतो. म्हणजे धुराची खरी उंची चिमणीपेक्षा जास्त. पूर्वेकडे झुकलेला धूर वाऱ्याची दिशा सांगत होता.

खाडीत हाच खेळ उष्णतेशिवाय चालतो. समुद्राच्या पाण्याचे घनमीटर सुमारे १,०२५ किलो, गोड्या पाण्याचे १,०००. पावसाळ्यात गोडे पाणी वरून समुद्राकडे वाहते, तर भरतीचे खारे पाणी तळातून पाचरीसारखे आत येते.

चारोटीला महामार्ग लागला आणि वारा मंदावला. पुढे विवळवेढ्याच्या महालक्ष्मी गडावर घारी पंख न हलवता घिरट्या घालत होत्या. तापलेल्या कातळावरून निघणाऱ्या हवेच्या स्तंभात राहण्यासाठीच त्या गोल फिरतात. स्तंभाबाहेर हवा उतरत असते. चढणारी कोरडी हवा दर किलोमीटरला सुमारे १० अंश थंड होते. पुरेशी थंडावली की बाष्पाचे थेंब होतात आणि ढगाचा सपाट तळ दिसतो. थेंब होताना बाहेर पडणारी उष्णता हवेला आणखी वर रेटते. मान्सूनपूर्व वळिवाचे उंच ढग या जोरावर वाढतात. किनाऱ्यालगत मात्र खाऱ्या वाऱ्याची थंड हवा तळाशी असल्याने असे ढग क्वचितच.

हिवाळ्यातल्या पहाटे हा मार्ग उलटे दृश्य दाखवतो. जमिनीलगतची हवा सर्वांत थंड, म्हणून सर्वांत जड. तिला वर उचलायला तिच्याहून जड काहीच नसते. चुलींचा आणि वीटभट्ट्यांचा धूर थोडासा चढून आडवा पसरतो, आणि ऊन जमीन तापवेपर्यंत तसाच राहतो.

तलासरी तालुक्यातल्या कुर्झे धरणासारख्या खोल जलाशयात उन्हाळ्यात कोमट थर वर तरंगतो आणि गार पाणी तळाशी अडकते. तेथे प्राणवायू कमी पडू लागतो. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असते, हे पुस्तकातले लाडके उदाहरण इथे निरुपयोगी, कारण इथले पाणी तितके गार होतच नाही. हिवाळ्यात वरचा थर जड होऊन खाली उतरतो, वारा हातभार लावतो आणि तळाचे पाणी पुन्हा हवेला भेटते.