एका तबकडीच्या दोन बाजू

सेपुल्तुरा म्हणजे पोर्तुगीजमध्ये थडगे. ब्राझीलच्या बेलो होरिझोंते शहरात १९८४ साली मॅक्स आणि इगोर या कावालेरा भावांनी याच नावाचा थ्रॅश मेटल बँड काढला. वडील अकाली वारलेले, घरची घडी विस्कटलेली, पोरे शाळकरी वयाची. एकाने गिटार धरली, दुसऱ्याने ड्रम. (त्यांचा गदारोळ मला दहा मिनिटांपलीकडे सोसत नाही, त्यामागचे दुःख मात्र कळते.)

नाव सापडले ते मोटरहेड या इंग्लिश बँडच्या एका गाण्याचे पोर्तुगीज करता करता. नाव मायबोलीतले, गाणी मात्र इंग्रजीत, आणि इंग्रजी तर तोडकेमोडके!

१९८५ साली गावातल्याच कोगुमेलो कंपनीने त्यांची पहिली तबकडी काढली, तीही अर्धीच. एका बाजूला सेपुल्तुराचे 'बेस्टियल डिव्हॅस्टेशन', दुसऱ्या बाजूला गावच्याच ओव्हरडोझ बँडचे 'सेकुलो विंते', म्हणजे 'विसावे शतक'. जगभर नाव झाले ते इंग्रजी बाजूवाल्यांचे.

आम्ही बेळगावकर घरात मराठी, बाजारात कानडी बोलतो आणि मुलांना इंग्रजी शाळेत घालतो. म्हणून ही तबकडी मला आमच्याच माजघरातली वाटते. माझी मुलगी भांडते इंग्रजीत, रडते मराठीत. उद्या तिने बँड काढला तर गाणार कशात?

पुढे १९९६ च्या 'रूट्स'साठी हे भाऊ शावांते आदिवासींच्या वस्तीत गेले, त्यांच्यासोबत गायले-वाजवले. त्याच संचात कार्लिन्होस ब्राऊनला घेऊन 'राटामाहाट्टा' पोर्तुगीजमध्ये म्हटले. वर्ष सरता सरता मॅक्स बँड सोडून गेला.