तापलेली स्मृति

आमच्या माजघराच्या कोपऱ्यांत एक सर्व्हर आहे. घरांत हें धूड कशाला, असें येणारा-जाणारा विचारतो, आणि त्याचें चुकतें असें नाहीं. हीं यंत्रें बँकांनीं व कचेऱ्यांनीं बाळगावीं. पण कोणा कचेरीनें मोडींत काढलेलें हें यंत्र आमच्या भाच्यानें स्वस्तांत आणून दिलें, आणि आम्हीं त्यांत आमच्या आईचा आवाज ठेवला. १९८३ सालीं जात्यावर बसून तिनें म्हटलेल्या ओव्या तीन कॅसेटींवर होत्या. कॅसेटींना पुढें बुरशी लागली. उतरून घेतां आलें तेवढें ह्या यंत्रांत आहे. दुसरी प्रत बाहेरच्या एका डिस्कवर होती. ती मागल्या पावसाळ्यांत आमच्याच हातून फरशीवर पडली, आणि नवी प्रत काढण्याचें आम्ही उद्यांवर ढकलीत आलों.

गेल्या वैशाखांत यंत्र पिठाच्या गिरणीसारखें ओरडूं लागलें. दुपारच्या झोपेच्या बाबतींत आम्ही तडजोड करीत नाहीं. सौभाग्यवतींनीं पूर्वीं रेडिओसाठीं विणलेला जाड रुमाल त्यावर पसरला, आम्हीं त्यास पार भिंतीशीं ढकलून पुढें फळी लावली, आणि निजलों. रोग्याचें कण्हणें ऐकूं येऊं नये म्हणून त्याच्या तोंडांत बोळा कोंबावा, त्यांतला हा प्रकार होता.

भाचा आला तेव्हां त्यानें आधीं यंत्राची रोजनिशी उघडली. "मामा, एका स्मृतिपट्टींत चुका होताहेत. तीनशेंच्या वर दुरुस्त झाल्याची नोंद आहे. तुम्हीं पाहिलीच नाहींत ना?" रोजनिशी असते हेंच आम्हांस ठाऊक नव्हतें.

मग त्यानें जें सांगितलें तें ऐकून आम्ही थक्क झालों. ह्या पट्ट्यांत प्रत्येक खूण म्हणजे एक इवलासा विद्युद्भार; तो सारखा गळत असतो. म्हणून दर सेकंदाच्या ६४ सहस्रांशांच्या आंत सगळी स्मृति एकदां वाचून पुन्हा लिहावी लागते. म्हणजे सेकंदास पंधरा-सोळा उजळण्या! आमच्या लहानपणीं पाढ्यांची उजळणी दिवसांतून एकदां होई, तरी आम्ही कुरकुरत होतों. पट्टी ८५ अंशांपलीकडे तापली कीं गळती वाढते, आणि हीच उजळणी निम्म्या वेळांत उरकावी लागते. रॉबर्ट डेनार्ड ह्यांना ही रचना १९६६ सालीं सुचली. सर्व्हरच्या पट्टींत शिवाय दर ६४ खुणांमागें ८ खुणा पहाऱ्यास असतात; एक खूण बिघडली तर त्या ती दुरुस्त करतात, दोन बिघडल्या तर नुसती बोंब ठोकतात. त्या विद्येचें मूळ रिचर्ड हॅमिंग ह्यांच्या १९५० सालच्या निबंधांत आहे. शनिवार-रविवारीं कोणी जवळ नसतां यंत्र चूक सांपडतांच त्यांचें काम टाकून देई. चूक कळते तर ती सुधारतां कां येऊं नये, असा त्यांचा त्रागा होता. त्याच त्राग्याच्या पुण्याईनें आईच्या ओव्या आजवर शाबूत राहिल्या होत्या!

भाच्यानें प्रथम नवी प्रत काढावयास घेतली, तों यंत्र तापून मध्येंच बंद पडलें. डिस्का दुसरीकडे लावाव्यात, तर त्यांची मांडणी ह्याच यंत्रांतील कार्डास ठाऊक. आम्ही पाटावर बसून राहिलों. बोलण्यासारखें कांहीं नव्हतें.

झाकण उघडलें. तीन पंख्यांपैकीं एक जागीं अडकलेला; राहिलेले दोघे त्याच्या वांट्याचें काम ओढीत होते, तीच ती गिरणी. प्रोसेसरवरच्या धातूच्या पात्यांत धुळीचा गालिचा बसला होता. भाच्यानें पंखे बोटानें धरून ब्रशानें झाडले. वाऱ्यानें मोकळे फिरूं दिले तर ते स्वतःच वीज निर्माण करतात, म्हणे. पात्यांखालचा उष्णतावाहक लेप जुन्या चंचींतल्या चुन्यासारखा वाळला होता. तो स्पिरिटानें पुसून मटाराच्या दाण्याएवढा नवा लावला. आम्हीं सुचविलें कीं झाकण उघडेंच राहूं द्यावें, वारा लागेल. "नको मामा, वारा पुढून शिरून मागें निघायला हवा. झाकण काढलं तर तो वरच्यावरच निसटतो."

नव्या चार पट्ट्या बसल्या. १६ गिगाबाइटांचे ६४ झाले. पट्ट्यांतही जाती असतात, आणि भलतीसलती एका पंक्तीस चालत नाहीं. दोन्ही टोकांच्या खिट्या खट्ट करून मिटल्या.

कळ दाबली. पडदा काळा. मिनिट झालें, दोन झालीं. सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या दारांत येऊन उभ्या राहिल्या. "नव्या स्मृतीची ओळख करून घेतंय, वेळ लागतो," भाचा म्हणाला खरा, पण त्याची नजर पडद्यावरून हालेना. चौथ्या मिनिटास अक्षरें उमटलीं.

रात्रभर त्यानें पट्ट्यांची परीक्षा चालविली. सकाळीं एकही चूक नव्हती. दोन प्रती निघाल्यावरच त्यानें आम्हांस ओव्या लावूं दिल्या. तिसऱ्या ओवीच्या मध्येंच आई खोकते, जातें थांबतें, आणि ती आम्हांला म्हणते, "पुरे रे आतां, बंद कर तें यंत्र, उगाच तापेल."