पाच-तीन-दोन

आमचे काका उज्जैनला भैरवगढात राहायचे, छीपांच्या वस्तीला अगदी लागून, आणि म्हणून असेल, पण पत्ते पिसल्याचा आवाज आला की मला आजही वितळलेल्या मेणाचा वास येतो. दुपारभर शेजारी मेण कढत असायचं, बाटिकच्या चादरी उकळत्या पाण्यात मेण सोडत असायच्या, आणि तो जड, गोडसर वास ओसरीवर येऊन बसायचा, जिथे मेंढीकोट रंगलेला असे. खाली अंथरलेली चादरही चाचांच्याच घरची, मेणाला तडे जाऊन आत शिरलेल्या रंगाच्या बारीक शिरा सगळ्या अंगभर असलेली. पान पडायचं ते त्या शिरांवर.

चाचा म्हणजे शेजारचे, छपाईवाले. काका आणि ते कायमचे भिडू; समोर मी आणि दादा. शिंद्यांनी १८१० मध्ये राजधानी ग्वाल्हेरला नेली तरी मागे राहिलेल्या मराठी घरांपैकी आमचं एक, आणि चाचांची कित्येक पिढ्यांची छपाई. पण त्या ओसरीवर असल्या गोष्टी कुणी काढत नसे. चाचांच्या बोटांचा रंग कधी पुरता जायचा नाही. किलवरच्या दश्शीच्या पाठीवर त्यांच्या अंगठ्याचा लालसर ठसा उमटला होता, त्यामुळे ती कुणाच्या हातात आहे हे चौघांनाही दिसायचं, आणि चौघेही तिकडे न पाहता खेळायचे. नवा जोड आणावा असं कुणाला वाटलं नाही.

रविवारी दादाचे मित्र यायचे, विक्रम विद्यापीठाच्या वसतिगृहातली मुलं, देवास रोडवरून अख्खं शहर ओलांडून सायकलींवर. हे विद्यापीठ १९५७ मध्ये सुरू झालं आणि मंदसौर, रतलाम, शाजापूरकडची मुलं उज्जैनमध्ये खोल्या शोधू लागली. ती आमच्या मेंढीकोटाला दहला पकड म्हणायची, आपापल्या गावचे नियम घेऊन यायची, आणि हुकूम बंद ठेवायचा की कट करायचा यावर काकूचे पोहे निवेपर्यंत वाद चालायचा. कधी तीनशे चार मांडलं जायचं. गुलामाचे तीस, नव्वीचे वीस, एक्क्याचे अकरा, असे गुण मोजताना गणिताची मुलंसुद्धा अडखळायची, आणि काका मात्र डोळे मिटून बेरीज सांगायचे. परीक्षा आल्या की ओसरी ओस पडायची. मला ते दिवस मुळीच आवडायचे नाहीत.

खुणा केलेल्या काकांना खपत नसत. खाकरणं नाही, भुवया नाहीत. "पान नको बघूस, भिडू बघ," एवढंच ते शिकवायचे. भिडूचा हात होतोय असं दिसलं की आपली मेंढी, म्हणजे दश्शी, बिनघोर त्याच्या हातावर टाकायची. तीन मेंढ्या झाल्या की डाव आपला, चारही आल्या तर कोट. काकांनी एक्का टाकावा आणि चाचांची दश्शी त्यावर अलगद येऊन पडावी, हे मी इतक्यांदा पाहिलंय, आणि दर वेळी हरूनही मला ते बघत राहावंसं वाटायचं.

काका गेले. सिद्धवटावर पिंड ठेवले, तेव्हा चाचा घाटाच्या पायऱ्यांवर बसून होते. पुढे बऱ्याच दिवसांनी तेच म्हणाले, पत्ते काढा. तिघंच होतो, म्हणून पाच-तीन-दोन. दुर्रीपासून छक्कीपर्यंतची पानं बाजूला, सत्त्यांपैकी बदाम आणि इस्पिक तेवढ्या ठेवल्या. तीस पानं, दहा-दहा. या खेळात भिडू नसतो, ज्याचे त्याने आपले हात करायचे. दादा काकांच्या जागी बसला होता. त्याने किलवरचा एक्का टाकला. चाचांच्या हातात किलवरची अठ्ठीही होती, ती पुढे निघाली तेव्हा आम्हाला कळलं. पण त्या एक्क्यावर त्यांनी टाकली ती लाल ठशाची दश्शी, एवढ्या वर्षांच्या सवयीने.

त्यांचा एक हात कमी पडला. पुढच्या डावात दादाने त्यांच्याकडून पान ओढायचं होतं, आणि त्याचा हात काही पुढे जाईना. चाचांनी पानं पसरून त्याच्यासमोर धरली. "खींचो बेटा," ते म्हणाले, "हिसाब तो हिसाब है."