आखाडा आणि प्रेक्षक

स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘स्पार्टाकस’मध्ये (१९६०) पहिली झुंज प्रेक्षकाला जवळजवळ नाकारलेलीच आहे. पाळीची वाट पाहणारे स्पार्टाकस आणि ड्राबा लाकडी खोपटाच्या फटींतून ती पाहतात. उरलेली केवळ ऐकू येते. पुढे जिंकलेला ड्राबा पराभूताला सोडून वर बसलेल्या धनिकांवरच त्रिशूळ फेकतो. रिडली स्कॉट यांच्या ‘ग्लॅडिएटर’मध्ये (२०००) कॅमेरा गर्दीचाच भागीदार ठरतो. रंजन झाले ना, असे मॅक्सिमस त्या गर्दीला खडसावतो. प्रश्न चित्रपटगृहापर्यंत पोहोचतो खरा; पण चित्रपट त्यापाशी थांबत नाही, लगेच कोलोसियममधील अधिक भव्य झुंजी मांडतो. इतिहासातील कमोडसचा इ. स. १९२च्या अखेरीस नार्सिसस नावाच्या मल्लाने गळा दाबला. येथे मात्र त्याचे मरणही आखाड्यात, भरल्या प्रेक्षागारासमोरच घडवावे लागते.