सूर्यघड्याळ आणि 'पाने'

इटलीच्या उंब्रिया भागात मोंतोने नावाचं एक लहानसं गाव आहे. डोंगरमाथ्यावर, तटबंदीच्या आत, दगडी घरांचं. खाली टायबर नदीचं खोरं. या गावात एक सूर्यघड्याळ आहे आणि ते आहे आपल्या रायगड जिल्ह्यातल्या, माणगाव तालुक्यातल्या पळसगावच्या नाईक यशवंत घाडगे यांच्या नावाचं! जुलै २०२३ मध्ये त्याचं अनावरण झालं. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, असं त्याचं ब्रीद आहे.

१० जुलै १९४४ रोजी या खोऱ्यात मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनची एक तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली. तुकडीतले सगळे मारले गेले किंवा जखमी झाले, उरले एकटे घाडगे. ते थेट मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्बने गन बंद पाडली, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्याने लोळवलं. मग शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते तिथेच पडले. वय अवघं २२. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो घ्यायला दिल्लीला त्यांची पत्नी गेली. त्यांची समाधी कुठेच नाही. कासिनोच्या स्मारकावर, ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशा हजारोंच्या यादीत, फक्त नाव आहे.

इटलीत आपले पन्नास हजारांवर सैनिक लढले. ५,७८२ परत आले नाहीत. तिथे दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ भारतीयांचे.

मी इतिहास शिकवायचे तेव्हा '१९४२ चले जाव' झालं की आम्ही थेट १९४७ वर यायचो. एकदा एका मुलाने विचारलं, "बाई, इकडे इंग्रजांना चले जाव म्हणत होते, मग माझे आजोबा त्यांच्याकडून का लढत होते?" वर्ग हसला. मी नाही हसले. मी म्हटलं, "आजोबांनाच विचारून ये."

आजोबा दुसऱ्या दिवशी स्वतःच शाळेत आले. धोतर, काळी टोपी, छातीवर दोन पदकं. म्हणाले, "बाई, घरात भावंडं पाच आणि जमीन दीड एकर. भरतीवाला आला, गेलो." एवढंच उत्तर. मग मुलांना इटलीतला चिखल, डोंगर, उपाशी पोरं यांच्याबद्दल सांगितलं. "ती पोरं हात पुढं करून 'पाने, पाने' म्हणायची. मला वाटलं, झाडाची पानं मागतात की काय! नंतर कळलं, पाने म्हणजे भाकरी."

इतक्या वर्षांत मला त्या मुलाच्या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर सापडलेलं नाही. राज्य परकं होतं हे खरं. पण भूक परकी नव्हती, ना इथली ना तिथली. आपल्याला त्या गणवेशाचा संकोच वाटला, म्हणून ही माणसं ना स्वातंत्र्यसैनिकांत बसली, ना पाठ्यपुस्तकात. माणगावला घाडग्यांचा पुतळा आहे, पण गोवा हायवेने जाणाऱ्या किती जणांना तो कोणाचा हे ठाऊक असतं? मोंतोनेच्या लोकांना मात्र राजा कोणाचा हा प्रश्नच पडला नाही. आपलं खोरं मोकळं करताना दूरदेशीचा एक मुलगा इथे मेला, एवढं त्यांना पुरलं.

ते आजोबा आता नाहीत. त्यांची पदकं नातवाकडे आहेत का, तेही मला ठाऊक नाही. पण तेव्हाची मुलं, आता स्वतःच पन्नाशी ओलांडलेली, अजून भेटली की म्हणतात, "बाई, पाने खाल्ली का?"

तेव्हा नातेवाइकांनो आणि ब्लॉगमित्रांनो, तुमच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत एखादं पदक, सैन्यातून सुटल्याचं पुस्तक किंवा पिवळं पडलेलं पत्र असेल, तर भंगारात देऊ नका. त्यावरचं नाव, गाव आणि साल वहीत उतरवून ठेवा. आणि घरात कोणी ऐंशी-नव्वदीचं असेल, तर आजच शेजारी बसून विचारा.