दाखल्यावरचे बीदर

आमच्या पत्नीचे मामा १९७२ च्या दुष्काळात बायकामुलांसह मुंबईला गेले, ते तिकडचेच झाले. गेल्या वर्षी त्यांच्या नातीला जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला. घरात कागद एकच, मामांचा शाळेचा जुना दाखला. त्यावर तालुका अहमदपूर, जिल्हा बीदर. बाबू म्हणाले, "बीदर कर्नाटकात. तिकडून आणा." पोरीने रडवेल्या आवाजात नांदेडला फोन केला, "आपण कर्नाटकातले का?"

नाही. निजामाच्या राज्यात अहमदपूर, उदगीर, निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा हे तालुके उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला जोडले. १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा झाला. गाव तिथेच, जिल्हे दोनदा बदलले.

आम्ही दोघे पहाटेच्या एस.टी.ने लोहामार्गे अहमदपूरला उतरलो. सासूबाई लवकर गेल्या, त्यामुळे पत्नीचे आजोळ लहानपणीच तुटलेले. दाखल्यावर गावाचे नाव होते, पण पुढे बु. की खु. ते नव्हते. आधी खुर्दला गेलो, तिथे कोणी ओळखेना. मग शेतातून पायी बुद्रुकला.

शाळेचे रजिस्टर उर्दूत! गुरुजींनी गावातले एक निवृत्त उर्दू शिक्षक बोलावले. उर्दूत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत, म्हणून एकच नाव दोन-तीन तऱ्हेने वाचता येते. वर्ष १३५१ फसली. त्यात ५९० मिळवले की १९४१ येते. मामांचे नाव सापडले, तशी पत्नीने पदर डोळ्यांना लावला. राहण्याचे ठिकाण, महारवाडा.

बाहेर पोरांना महारवाडा विचारला, तर ती आमच्याकडेच बघू लागली. वस्तीवर आता भीमनगरची पाटी आहे. जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, आपल्या लोकांनी तर कितीतरी ठिकाणी त्याआधीच पाट्या लावल्या. नाव गेले ते बरेच झाले. पण जुना कागद वाचायचा तर ते माहीत हवे. तिथल्या एका आजीने जयभीम घेतला आणि विचारले, "बहात्तरला गेलेला त्यो... हाय का अजून?" पत्नीने मान हलवली. आजींनी चहा केल्याशिवाय सोडले नाही.

मॉरिशसला मजुरीला गेलेल्या मराठी माणसांच्या नोंदी मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. त्यांतही जिल्हा, परगणा, गाव साहेबाच्या कानाला ऐकू आले तसे. त्यांच्या पणतवंडांनाही जुन्या नकाशावरच गाव शोधावे लागते.

गुरुजींनी उतारा दिला, शिक्षकांनी मराठी करून खाली सही केली. तसेच पुढे लातूर गाठले. ग्रंथालयात उस्मानाबादचे गॅझेटियर काढून तालुके बदलल्याच्या पानाची झेरॉक्स घेतली. दोन्ही कागद दाखल्याला टाचून मुंबईला पाठवले. या वेळी बाबूंनी ते ठेवून घेतले. प्रमाणपत्र अजून यायचे आहे.