वडिलांचा वस्तरा

जुनी वस्तु उजळावी कीं तशीच ठेवावी, हा वाद एकत्र कुटुंबांत नवा नाहीं. आमच्या घरीं तो वडिलांच्या शेफील्डच्या वस्तऱ्यावरून माजला. पुतण्यानें पेनासारखें हातांत धरावयाचें विजेचें फिरकीयंत्र आणलें. वहिनी म्हणाल्या, "मामंजींची खूण आहे ती, भावोजी, घासून नाहींशी करूं नका." दोघांचेंहि म्हणणें आम्हांस अर्धें पटलें.

हें यंत्र मिनिटास 30,000 पर्यंत फेरे घेतें, आणि खरा धोका उष्णतेचा. धारेजवळ पातें कागदासारखें पातळ. तेथें चकती जरा रेंगाळली कीं सुमारें 200 अंशांवर पोलाद पिवळसर दिसूं लागतें, 300 च्या आसपास निळें पडतें. निळें पडलें म्हणजे पाणी उतरलें. मग कितीहि धार लावा, टिकत नाहीं. यास्तव चटका बसण्यापूर्वींच पातें पाण्यांत बुडवावें. चकती धारेवरून बाहेरच्या अंगास फिरावी. उलट फिरल्यास ती पातेंच हिसकावते. डोळ्यांस चष्मा हवाच.

तांबूस गंज निघाला. काळ्या खळग्यांपाशीं मात्र आम्हीं पुतण्याचा हात धरला. ते घालवावयाचे म्हणजे भोंवतालचें पोलाद झिजवावयाचें, आणि त्याबरोबर शेफील्डचें नांवहि जावयाचें! पाठीस तर यंत्र लावूंच दिलें नाहीं. सहाणेवर पातें कोणत्या कोनांत टेकावें हें ती पाठच ठरविते, आणि वडिलांच्या हातानें ती वर्षानुवर्षें झिजलेली आहे.

आतां पुतण्या धार लावण्यास शिकत आहे. वहिनींनीं माळ्यावरचा चामड्याचा पट्टा शोधून त्यास तेल लावून ठेवलें आहे.